दोन गुणांची अळी

रायपूरच्या महादेव घाटावर खारून नदीचे पाणी बाटलीत भरले, तर बाटलीत येते ते त्या क्षणाचे पाणी. जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी मोजायला ते 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात. पण तीन दिवसांनी हाती येणारा आकडाही त्या एका ओंजळीचाच. रात्री कुणी काही सोडले असेल तर ते सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. तळाच्या किड्यांना तसे निघून जाता येत नाही. आठवडे, महिने ते तिथेच राहतात, आलेले सगळे सोसतात किंवा मरतात. म्हणून अभ्यासक प्रवाहात हातजाळी धरून पायाने तळ ढवळतात आणि जाळीतला गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात. जरा थांबले की गाळ हलू लागतो.

मग गुण देणे. इंग्लंडमध्ये रुळलेल्या कोष्टकात प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण आहेत. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकषही याच धर्तीचे. मेफ्लायच्या काही कुळांना 10, चतुराच्या बऱ्याच कुळांना 8. डासासारखी दिसणारी पण न चावणारी कायरोनोमिड माशी असते, तिच्या अळीला 2. ही अळी पुष्कळदा लालभडक असते, कारण तिच्या अंगात हिमोग्लोबिन असते. ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या गाळातही ती त्यावर तगून राहते. ट्रेमध्ये ती दिसली की पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘शी!’

माझा प्रश्न या ‘शी’पाशी सुरू होतो. ते 2 गुण कुणाचे?

शास्त्रापुरते बोलायचे तर पाण्याचे. आणि खरे म्हणजे या अळीचे असणे फारसे काही सिद्धच करत नाही. तिचे भाईबंद स्वच्छ झऱ्यातही राहतात. साक्ष देतात ते ट्रेमध्ये नसलेले. त्यातही सांभाळून बोलावे लागते. स्टोनफ्लायला थंड, खळाळते पाणी लागते. छत्तीसगडच्या मैदानातल्या संथ नदीत ती नसली म्हणून नदीला दोषी ठरवता येणार नाही. पण कोष्टक वाचता वाचता गुण पाण्यावरून सरकून अळीला चिकटतात. घाणीत राहणारी ती घाण. वास्तविक ती त्या गाळातले सेंद्रिय अन्न खाऊन जगते, म्हणजे आपण टाकलेल्याचा थोडा तरी निपटारा करते.

हे सरकणे आपल्या ओळखीचे आहे. माणसाची किड्याशी तुलना मला करायची नाही. तुलना आहे ती नजरेची. गटारात उतरणाऱ्याला आपण गटाराचा दर्जा दिला, आणि तो जन्माने ठरवून दिला. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये अधिक कडक झाला, तरी माणसे गटारात मरतात. घाण करणाऱ्याला मात्र कुठल्याही कोष्टकात रकाना नाही.

‘संवेदनशील’ या शब्दाचीही मला अडचण वाटते. मेफ्लायला आपण संवेदनशील म्हणतो, कारण ती लवकर मरते. चिवट राहिलेल्याचा गुण मात्र घसरतो. मेलेल्यांचा मान आणि उरलेल्यांची किळस, हा हिशेब मला तरी पटत नाही.

2018 मध्ये देशातील नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे नोंदले गेले, त्यांत खारूनही होती. याच नदीचे पाणी रायपूर पिते, आणि याच घाटावर कार्तिक पौर्णिमेला पुन्नी मेळ्यात लोक डुबकी घेतात. नाले आमच्या घरांतून निघून तिकडेच जातात, माझ्याही.

बारीक ओळख पटवायची असेल तर नमुने अल्कोहोलमध्ये घालावे लागतात, म्हणजे साक्ष घेऊन साक्षीदाराला मारावे लागते. नुसते कूळ काठावरच ओळखता आले, तर मोजून परत सोडता येते. ट्रे पाण्यात हळूच कलता करायचा. लाल अळी इंग्रजी आठसारखी वळवळत गाळाकडे जाते.