वाऱ्याने दगड घडवले नाहीत



संकटात माणूस बिघडतो, की आत असतं तेच बाहेर येतं?

गेल्या वर्षी सासूबाई सात महिने अंथरुणाला खिळून होत्या. एका रात्री मी त्यांच्यावर नको ते बोलले. सकाळी माफी मागितली, पण म्हटलं, "आई, जागरणाने डोकं ठिकाणावर नव्हतं." त्यांनी नुसती मान हलवली.

परवा मुलीच्या पुस्तकात अंटार्क्टिकाबद्दल वाचलं. 1969 साली जपानी शास्त्रज्ञांना तिथल्या यामातो पर्वतांजवळ, उघड्या बर्फावर नऊ अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, सापडले. तपासले तर वेगवेगळ्या जातींचे निघाले. म्हणजे एकदम पडलेले नव्हते. मग एका जागी आले कसे?

अशनी पृथ्वीवर कुठेही पडतात. तिथे पडलेला दगड बर्फात गाडला जातो. बर्फ स्थिर दिसतो, पण दगड पोटात घेऊन हजारो वर्षं हळूहळू समुद्राकडे सरकत असतो. वाटेत डोंगर आडवा आला की अडतो, वर चढतो. तिथे कोरडे, जोराचे वारे असतात. वरचा बर्फ न वितळताच वाफ होऊन जातो, वर्षाला काही सेंटिमीटर. दगड मात्र मागे राहतात आणि निळसर बर्फावर काळे उठून दिसतात. जगात आजवर सापडलेल्या अशनींपैकी निम्म्याहून जास्त अंटार्क्टिकातले आहेत.

वाऱ्याने दगड घडवले नाहीत, फक्त उघडे केले.

माझी दमणूक खरी होती. पण ते शब्द तिने घडवले नव्हते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूबाई माझ्या माहेराबद्दल काही बोलल्या होत्या. मी गप्प बसले आणि तो दगड अठरा वर्षं पोटात वाहिला.

त्याच रात्री माझी पंधरा वर्षांची मुलगी कुणी न सांगता उठली आणि आजीचा हात धरून बसली. लहानपणी तिच्या तापात आजी अशीच बसायची. तेही आत कुठेतरी जपलेलं होतंच की!

सासूबाई दिवाळीआधी गेल्या. माझी माफी जागरणाच्या नावावरच राहिली. ज्यांची माणसं अजून समोर आहेत, त्यांनी डोंगर आडवा येण्याची वाट पाहू नये. आजच बोलून टाकावं.

एक गुरुभगिनी, इंदूर