भारतात जाण्याआधीचा कलप

डिसेंबर जवळ आला की पॉइंट कुकमधल्या मराठी बायकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "तिकिटं झाली, आता निघायच्या आधी केसांचं बघायला हवं." मेलबर्नच्या नैऋत्येला, समुद्राच्या कडेला वसलेलं हे उपनगर. 2021च्या जनगणनेत इथली वस्ती 66 हजारांवर होती आणि त्यात भारतातून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. इथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी डिसेंबर-जानेवारीत लागते, त्यामुळे घरी जायचं ते तेव्हाच. बॅगा भरून होतात आणि शेवटच्या आठवड्यात कलप लावला जातो. वर्षभर जिने भांगातल्या पांढऱ्या रेघेकडे फारसं लक्ष दिलं नाही, तीसुद्धा लावते.

हा शेवटच्या आठवड्यातला कलप कोणासाठी असतो? नवऱ्यासाठी नाही, तो वर्षभर पांढरे केस बघतच असतो. ऑफिससाठीही नाही, तिथे रजा टाकलेली असते. तो बहुतेक वेळा आईसाठी असतो. दार उघडल्यावर आईच्या तोंडून पहिलं वाक्य "अगं, किती पिकलीस!" असं येऊ नये, एवढ्यासाठी.

रोज बघणाऱ्याला केस पिकताना दिसत नाहीत. मेधा पाटकर 1985च्या सुमारास नर्मदेच्या खोऱ्यात गेल्या, तेव्हा त्या तिशीत होत्या. त्यांचे केस त्या खोऱ्यातल्या लोकांच्या डोळ्यांदेखत पिकले आणि त्याचं कोणाला नवल वाटलं नसणार. परदेशात राहणाऱ्या लेकीचं तसं नसतं. ती दोन वर्षांनी, कधी तीन वर्षांनी दिसते. मधला सगळा काळ एका क्षणात आईच्या अंगावर येतो.

केस ही त्या काळाची फार चोख नोंद असते. केसाला रंग मिळतो तो मुळाशी. तिथल्या पेशी मेलॅनिन तयार करतात आणि वाढणाऱ्या केसात भरतात. या पेशींचा साठा आटला की त्या मुळातून येणारा केस पांढरा येतो, मात्र आधी वाढलेला भाग होता तसाच राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली पोचलेल्या तीस सेंटिमीटरच्या केसाचं टोक अडीच वर्षांपूर्वीचं असतं आणि मूळ आजचं. दोन भेटींमधलं अंतर त्या केसात अक्षरशः मोजता येतं. कलप लावून आपण नेमकं तेच अंतर झाकतो.

एकदा लावायला सुरुवात केली की दर चार-सहा आठवड्यांनी टचअप आला. बहुतेक टिकाऊ काळ्या रंगांत पीपीडी हे रसायन असतं. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं काही त्रास न होताही अचानक उद्भवू शकते, पापण्या आणि डोक्याची त्वचा सुजते. 'अमोनिया नाही' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी पीपीडी असू शकतं, आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्येही ते अनेकदा मिसळलेलं असतं. ज्यांना कलप लावायचाच आहे त्यांनी दर वेळी दोन दिवस आधी पॅच टेस्ट करावी, हे मी आग्रहाने सांगते.

बाईचे केस हा तिचा एकटीचा विषय आपल्याकडे कधीच नव्हता. विधवेच्या केसांचा निर्णय घरचे पुरुष घेत. 1890 साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिकांना एकत्र आणलं आणि त्यांनी केशवपन करायला नकार दिला. पुरुषाच्या पिकल्या केसांना मात्र मान मिळत आला. हे केस उन्हात पांढरे केले नाहीत, असं तो म्हणाला की बैठकीत त्याचा शब्द चालतो. परदेशात हे सगळं सुटतं, असंही नाही. ज्युलिया गिलार्ड ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान असताना पॉइंट कुक त्यांच्याच लेलर मतदारसंघात होतं. त्यांच्या धोरणांइतकीच चर्चा त्यांच्या केसांची आणि जॅकेटांची झाली. कॅनडात लिसा लाफ्लेम या ज्येष्ठ वृत्तनिवेदिकेने कोविडच्या काळात केस रंगवणं थांबवलं. 2022 साली वाहिनीने त्यांना दूर केलं, तेव्हा पांढऱ्या केसांचा प्रश्न देशभर गाजला. त्यामुळे नोकरीसाठी कलप लावणाऱ्या बाईला मी नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं आईसमोर लावलेल्या कलपापुरतं आहे.

कोविडने आम्हाला या बाबतीत बरंच शिकवलं. मेलबर्न एकूण 262 दिवस टाळेबंदीत होतं. त्यातल्या कडक टप्प्यांत सलॉनंही बंद होती. मार्च 2020मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या, त्या नागरिकांना मोकळेपणाने जाता-येता येईपर्यंत नोव्हेंबर 2021 उजाडलं. त्या दीड-पावणेदोन वर्षांत कितीतरी जणींचे केस इथे पांढरे झाले आणि कितीतरी जणींचे आईवडील तिकडे गेले. अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावं लागलं. सीमा उघडल्यावर ज्यांच्या आया वाट बघत होत्या, त्यांतल्या काही जणी तशाच, पांढऱ्या केसांनिशी गेल्या. त्या काळात काय काय घडून गेलं ते आईला दिसू द्यावं, असं त्यांना वाटलं. मला ते फार योग्य वाटतं.

कारण लपवणं एकतर्फी नसतं. लेक येणार म्हणून तिकडे आईही पार्लरला जाऊन येते. गुडघ्याचा पट्टा कपाटात जातो, गोळ्यांचा डबा ओट्यावरून हलतो. व्हिडिओ कॉलवर तर हे आणखी सोपं, कॅमेरा कुठे धरायचा ते दोघींनाही चांगलं कळतं. दोघी एकमेकींना सांगत राहतात की काही बदललेलं नाही. प्रेमापोटीच सांगतात. पण मग जे बोलायला हवं ते बोललं जात नाही. आई एकटी जिना कसा चढते? रात्री सोबतीला कोण आहे? इकडे आणायचं म्हटलं तर ऑस्ट्रेलियात पालकांसाठीच्या साध्या कायम व्हिसाची रांग सुमारे 30 वर्षांची आहे, आणि जादा पैसे भरून मिळणाऱ्या व्हिसालाही दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं. सत्तरीतल्या आईसाठी या आकड्यांचा अर्थ काय, हे वेळेवर बोलायला हवं. दोघींचे केस काळेभोर असताना हा विषय काढायला जीभ रेटत नाही.

पांढरे केस तो विषय आपोआप काढतात. पन्नाशीची लेक पिकल्या केसांनी समोर बसली की आईला कळतं, हिला आता सांगितलं तर चालेल, हीसुद्धा थकते. मग गुडघा निघतो, मग गोळ्या, मग घराच्या कागदांचं काय करायचं तेही निघतं. केस पांढरे राहू दिल्याने बाई सुंदर दिसते की नाही, हे जिचं तिने ठरवावं. मला त्यातला हा मोकळेपणा मोलाचा वाटतो.

म्हणून दोन विनंत्या. इकडच्या मैत्रिणींनो, या डिसेंबरला एकदा टचअप न करता जाऊन बघा. आणि तिकडच्या आयांनो, मावश्यांनो, लेक दारात आली की तिच्या केसांवर बोलू नका. तिला आत घ्या, आणि तुमच्या गोळ्यांचा डबा ओट्यावरच असू द्या.