माळावरचा वाटेकरी

डिसेंबर २०२४मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. शेकडो किलोमीटर शेतशिवारं तुडवत तो आला होता. पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर दिसला आणि त्याला पकडण्याच्या हालचाली सुरू झाल्या. राखीव जंगलाबाहेर आलेल्या वाघाला परत नेऊन सोडायचं, एवढंच आपल्याला सुचतं.

भीमा ओलांडून इंदापुरात आलं की हा विचार अपुरा पडतो. इंदापूर-बारामतीत वाघ नाही, पण लांडगा आहे, आणि त्याला परत नेऊन सोडावं असं जंगलच नाही. कडबनवाडीचा, शिर्सुफळचा माळ हेच त्याचं घर. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७मध्ये चिंकारांसाठी राखलं गेलं, ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. लांडग्यांच्या एका कळपाला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर मुलूख लागतो. म्हणजे हा प्राणी गावांच्या गायरानांत, ओढ्याकाठी, पडीक रानात आणि उभ्या पिकांच्या बांधांवरच जगणार. देशात २०२२च्या गणनेनुसार वाघ सरासरी ३,६८२ आहेत. लांडगे मात्र ३,०००च्या आसपासच. कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीचं संरक्षण दिलं आहे. प्रत्यक्षात मात्र वाघासाठी प्रकल्प उभे राहिले आणि लांडग्याचा सांभाळ धनगरांवर सोडला गेला.

हा सांभाळ सोपा नाही. दिवाळीच्या सुमाराला धनगरांचे अनेक वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारी बिऱ्हाडं, घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर येतात. जो शेतकरी बोलावील त्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, रात्री भोवती वाघर लावायची, कुत्री सोडायची आणि अर्धवट झोपेत पहाट करायची. तरी एखादं कोकरू जातंच. म्हातारे मेंढपाळ त्याला लांडग्याचा वाटा म्हणतात. तो वाटा त्यांना परवडतो असं मात्र कुणी समजू नये. नुकसानभरपाई आहे, पण तिला पंचनामा हवा, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या शिवाराला लागलेला असतो. ज्यांच्यामुळे लांडगा टिकला त्यांच्याच खिशातून त्याचं पोट भरतं, हा माझ्या मते या प्रश्नातला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

भीतीही खोटी नाही. २०२४मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लहान मुलं दगावली, ती लांडग्यांच्या हल्ल्यात गेल्याचं सांगितलं गेलं. आपल्या माळावर मात्र लांडग्याचा खरा झगडा मेंढरांशी आहे.

लांडग्याला खरा धोका दुसरीकडून आहे. १८८५चा नीरा डावा कालवा आणि नंतर उजनीचं पाणी यांनी इथल्या बऱ्याच गावांचा दुष्काळ हटवला. त्या पाण्याचं मोल ज्यांनी टँकरच्या रांगा पाहिल्या त्यांना सांगायला नको. पण ऊस वाढला तसा माळ आटला. उसाच्या आडोशाला बिबट्या आला आणि रमला. लांडग्याला मोकळं गवत लागतं, त्याला तिथे जागा नाही. उरलेला माळ दप्तरात पडीक म्हणून नोंदलेला, त्यामुळे कारखान्याला, प्लॉटिंगला, सौरपट्ट्यांना आधी तोच दिसतो. वृक्षारोपणही तिथेच होतं. चर खणून माळावर झाडं लावणं हे मला त्या जमिनीचं नुकसानच वाटतं. कमी पावसाच्या या पट्ट्यात गवत हीच तिची पुरी वाढलेली अवस्था आहे.

त्यातच पोल्ट्रीची मेलेली कोंबडी आणि गावचा कचरा उघड्यावर पडतो. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, लांडगेही तिथे येतात. कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर येतात, संकरही होतो. पुण्याच्या परिसरातल्या लांडग्यांमध्ये कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं २०२३मध्ये जनुकीय अभ्यासातून सिद्ध झालं. बंदुकीने संपला नाही तो प्राणी आपल्या उकिरड्यामुळे संपू शकतो.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वन विभागाने आता गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लोक माळ बघायला पैसे मोजतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पैशातला हिस्सा वाड्यांपर्यंत जायला हवा. पंचनामा वाडा असेल तिथे, त्याच दिवशी व्हावा; फोटो आणि पोलीस पाटलाची सही त्याला पुरावी. पोल्ट्रीवाल्यांना मेलेली कोंबडी खड्ड्यात पुरायला भाग पाडावं, माळाकाठच्या गावांतली कुत्री टोचून घ्यावीत. आणि गायरान कुणाला द्यायचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा त्या गायरानात दरवर्षी कोणाच्या मेंढ्या बसतात, हे आधी विचारलं जावं. हिवाळ्यात लांडग्याची मादी विते. पुढच्या पिलांसाठी हे सगळं त्याआधीच व्हायला हवं.