सही जुळत नाही

आमच्या माळ्यावर एक टीव्ही होता. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1984 साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घेतलेला. कृष्णधवल, शटरचा, चार पायांवर उभा. भंगारवाला त्याला फुकट न्यायला तयार होता. पण मी पडलो बी. कॉम.! दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढत गेलं, तर किंमत शून्य कधीच होत नाही, एवढं एक तत्त्वज्ञान मला परीक्षेपुरतं येतं. मी मेकॅनिककाकांना बोलावलं.

टीव्ही लावला, तर पडद्यावर मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ. तो बंद करून मी कौतुकाने मागे हात घालणार, तोच काका ओरडले, "साहेब, हात नका लावू! बंद झाला तरी पिक्चर ट्यूब करंट धरून ठेवते." आमचे रिटायर झालेले हेडक्लार्क आठवले. मी दोन पावलं मागे सरलो.

मग एकेक भाग बदलू लागला. वाळलेले कंडेन्सर गेले, ट्रान्झिस्टर गेला, एलओटी दुसऱ्या एका मृत सेटमधून आली. गच्चीवरचा अँटेना कावळ्यांना देऊन टाकला. हल्लीच्या डबड्यातलं चित्र जुन्या टीव्हीला कळावं म्हणून मध्ये एक मॉड्युलेटर नावाचा दुभाषा बसवला. सर्वांत हाल अ‍ॅडजस्टमेंटचे. चित्राची उंची वाढवावी, तर बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ वाढे. कपाळ आवरावं, तर हनुवटी लांबे. मधूनच बाई खालून वर धावू लागत.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सकाळी बाई स्थिर झाल्या, आणि सौ. म्हणाली, "इतकं सगळं बदललं, मग यात नानांचा टीव्ही राहिला कुठे?"

खरं म्हणजे हा प्रश्न मला शुक्रवारीच कौंटरवर पडायला हवा होता. एका पेन्शनर आजोबांची स्लिप मी परत केली होती. त्यांच्या नमुना सहीतलं झोकदार अक्षर तीस वर्षांपूर्वीचं. समोरची सही थरथरती. तीनदा करायला लावली. तिन्ही आपापसांतही जुळेनात. मी म्हणालो, "आजोबा, सही जुळत नाही." ते म्हणाले, "मलाही जुळत नाही हो," आणि निघून गेले.

संध्याकाळी टीव्ही पुन्हा लावला. मुलीने कानांवर हात ठेवले. "बाबा, केवढी शीळ वाजतेय!"

मला काहीच ऐकू येईना. आणि एकदम आठवलं. लहानपणी मी अगदी हेच ओरडायचो, आणि नाना म्हणायचे, "कसली शीळ? काहीतरीच!" काकांना विचारलं. ते म्हणाले, "टीव्ही सेकंदाला 15,625 रेघा ओढतो, साहेब. त्याची शीळ. पोरांना ऐकू येते. वय झालं की जाते."

म्हणजे टीव्हीची सही जुळली होती. आतलं सगळं बदलूनही शीळ तीच. बदलला होता तो माझा कान. ज्याचा एकही भाग मी बदलला नव्हता.

सोमवारी आजोबा पुन्हा आले. सही जुळली नाहीच. मी पासबुकावरचा फोटो पाहिला, त्यांना खुर्ची दिली आणि स्लिप स्वतः ऑफिसरकडे नेली.

"जुळते का?" त्यांनी विचारलं.

"सही नाही साहेब," मी म्हणालो, "माणूस जुळतोय."