पूर्वज्ञान आणि माणुसकी

उद्यां मनुष्य काय करील हें आजच सांगतां आलें, तर त्याच्या कृत्याचें श्रेय अथवा दोष त्याच्याकडे कितपत उरेल? १८१४ सालीं लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानें अशा एका बुद्धीची कल्पना मांडली कीं, जिला विश्वांतील प्रत्येक कणाची स्थिति व सर्व बलें ठाऊक असल्यामुळें भविष्यकाळ भूतकाळाइतकाच स्पष्ट दिसावा. ही बुद्धि एखाद्या कचेरींत आणून बसविली तर काय होईल, याचें चित्र पश्चिम जर्मनींतील दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर यानें १९७३ सालीं दूरचित्रवाणीसाठीं काढलेल्या 'वेल्ट आम ड्राट', म्हणजे 'तारेवरचें जग', या दोन भागांच्या चित्रपटांत रेखाटलें आहे.

भविष्यकाळ उभारण्यासाठीं त्यानें मोठा खर्च केलेला नाहीं. पॅरिसमधील त्या वेळच्या नव्या इमारती आणि जागोजागीं आरसे, एवढ्यावरच त्यानें काम भागविलें आहे. खरें माणूस कोणतें व प्रतिबिंब कोणतें, असा संभ्रम पाहणाऱ्यास वारंवार पडतो. आणि कथेचें मर्मही तेंच आहे. एका संस्थेच्या गणकयंत्रांत हजारों कृत्रिम माणसांचें नगर नांदत आहे. तीं स्वतःस खरींच समजतात. त्यांच्या वागण्यावरून पुढील काळांतील समाजाचे अंदाज बांधावयाचे, आणि एका पोलाद कंपनीस तर ते स्वतःच्या लाभासाठीं हवे आहेत. अखेर संशोधक फ्रेड श्टिलर यास कळून येतें कीं, आपलें जगही कोणाच्या तरी वरच्या यंत्रांतील हिशेबच आहे.

ज्याचें भाकीत करतां येतें तो स्वतंत्र कसला, असें कोणी म्हणेल. आम्हांस हें मान्य नाहीं. प्रामाणिक मित्राकडे ठेव ठेवतांना तो ती परत करील हें आपण आधींच जाणतों. तरीही ती परत मिळाल्यावर त्याचा गौरवच करतों. त्याला शील आहे म्हणूनच त्याचें वर्तन आधीं कळतें. ज्याचा कांहींच नेम नाहीं त्यास आपण स्वतंत्र म्हणत नाहीं, लहरी म्हणतों.

मग अन्याय कोठें आहे? मित्राविषयींचा आपला अंदाज आपण त्यास सांगूं शकतों. तो हरकत घेऊं शकतो, इतकेंच नव्हे तर तो ऐकून आपलें वर्तनही बदलूं शकतो. यंत्रांतील जीवांस ही मुभा नाहीं. त्यांतील एक आत्महत्या करूं पाहतो, तेव्हां त्यास सरळ पुसून टाकण्यांत येतें. आपलें जग दुसरा कोणी चालवितो हें कळतांच श्टिलर व्याकुळ होतो. परंतु कालपर्यंत दुसऱ्यांच्या जगाचा कारभार तोही असाच पाहत होता.

आजचीं गणकयंत्रें आम्ही काय विकत घेऊं, कर्ज फेडूं कीं बुडवूं, याचे अंदाज बांधीत असतात. त्यांतील बरेचसे बरोबर ठरत असतील. परंतु ज्याला कर्ज नाकारलें जातें त्यास कारण विचारण्याचा व त्यास उत्तर देण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न अंदाजाच्या अचूकपणानें सुटत नाहीं. जाणणारा आणि जाणला जाणारा यांत बोलणें बंद झालें कीं ज्ञानाचें शासन होतें. त्या शासनाखालीं स्वतः राहण्यास जो तयार नाहीं, त्यानें तें दुसऱ्यावर लादूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.