परदेशी रक्षाविसर्जन आणि संबंधविचार

गेल्या चातुर्मासात एक वयोवृद्ध वासनिक बाई दंडवत घालून बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा, यजमानांची रक्षा मुलाने तिकडच्याच नदीत सोडली. मला विचारले नाही. आता त्यांचे पुढे कसे होईल?" यजमान इंग्लंडात लेस्टर येथे मुलाकडे गेले असता त्यांचा देहांत तेथेच झाला होता.

आपल्या पंथात देह भूमीस देण्याची रीत असल्याने रक्षेचा प्रश्न आपल्या विवेचनात सहसा येत नाही. परंतु परमुलखी राहणारी पुष्कळ वासनिक कुटुंबे आता दहनच करितात. तेथील दाहगृहात अस्थी वेचणे म्हणून काही नसते. उरलेली हाडे यंत्रात दळून त्यांची एकसारखी पूड करितात व ती डब्यात भरून नातलगांच्या हाती देतात. मुलाने तो डबा सोअर नदीवर नेला. लेस्टरपासून काही कोसांवर त्या नदीकाठी बॅरो नावाचे गाव आहे. तेथे हिंदू व शीख कुटुंबे नावेत बसून रक्षा सोडतात. "आईस आधी सांगितले असते तर तिने अडविले असते," असे मुलाने मागाहून कळविले.

बाईंच्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर कठीण नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत, हे आपण जाणतो. देह प्रपंचातला, रक्षाही प्रपंचातली आणि नदीही प्रपंचातलीच. नदीची देवता मानिली तरी तिचे फळ तिच्या सामर्थ्याएवढेच. जीवास सोडविणे तिच्या हाती नाही. जीवाची पुढील वाट त्याच्या कर्माने व ज्ञानाने ठरते. त्या दृष्टीने सोअर आणि गोदावरी यांत रत्तीभर अंतर नाही. गोदावरीतीर आपणांस वंद्य आहे ते पाण्याकरिता नव्हे. पैठण, डोमेग्राम येथे सर्वज्ञांचे चरण लागले म्हणून.

येथे कोणी सूज्ञ म्हणेल, तुम्ही तर स्वामींच्या संबंधाचा पाषाणही मस्तकी धरिता. मग पत्नीने पतीच्या रक्षेचा आग्रह धरिला तर तो भ्रम कसा? आक्षेप वाजवी आहे; त्यास झिडकारून चालणार नाही. वस्तूस संबंधाने मोल येते, हे आपणच मानतो. भेद इतकाच की, प्रसादाच्या पाषाणास परमेश्वराचा संबंध आहे, तर रक्षेस जीवाचा. परमेश्वरसंबंधाची वस्तू स्मरण देते व ते स्मरण तारते. जीवसंबंधाची वस्तूही स्मरण देते, परंतु ते मागे ओढते. म्हणून रक्षा वंद्य नाही. मात्र ती तुच्छही नव्हे. चाळीस वर्षांच्या संसाराचे स्मरण जिच्यात आहे ती वस्तू जपण्याची इच्छा होणे हे पाप आहे, असे आम्हांस कोठे आढळले नाही.

आता दुसरी बाजू. स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि त्याहून विशेषेकरून आप्तांचा संबंध सोडावा, अशी स्वामींची आज्ञा आहे. तसेच महाराष्ट्रात राहावे, असेही निरूपण आहे. मग रक्षा महाराष्ट्रातच यावी काय? आमच्या मते या दोन्ही आज्ञा अनुसरलेल्या, जिवंत साधकास आहेत. महाराष्ट्री राहावयाचे ते धर्म आचरण्याकरिता. आचरण करणाराच गेल्यावर रक्षेस कसला विधी आणि कसला निषेध? आपला पंथही पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत गेला. तिकडे देह ठेविलेल्या उपदेशी जनांस कोणी उणे लेखिले नाही.

मनुष्याचे मन मात्र सिद्धांताने चालत नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ऐन विशीत, विलायतेहून परतताना, ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. बरोबरच्या लोकांनी दहनास जागा शोधिली ती आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमाची. परमुलखातही त्यांस संगमच हवा होता. १८७४ साली तेथे छत्री उभारली गेली. याच्या उलट डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, स्वदेशीच गेल्या. तरी गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे धाडिली आणि त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. परक्या देशी जिने आनंदीबाईंस मायेने सांभाळिले, तिच्यापाशी रक्षा असावी, असे पतीस वाटले. एकास मायदेशाची खूण हवी होती, दुसऱ्यास मायेची. दोघांनाही हसणे आमच्याने होत नाही.

तेव्हा बाईंस आम्ही म्हटले, यजमानांचे काही अडले नाही. दोष घडला तो पाण्यात नव्हे. विचारण्यात जी कसूर झाली तिच्यात. हिंसा शस्त्रानेच घडते असे नाही. आईचे मन दुखवेल म्हणून मौन धरिले, आणि त्या मौनानेच ते अधिक दुखविले. मुलाने क्षमा मागावी, हे योग्य. परंतु भिक्षूस सांगितलेला संबंधत्याग विधवेवर एका दिवसात लादण्याचा अधिकार मुलास नाही आणि आम्हांसही नाही. (आमच्यातील काही मंडळी हा त्याग दुसऱ्यास फार लवकर शिकवितात, हे खेदाने लिहावे लागते.)

बाई ऐकत होत्या. त्यांचे समाधान कितपत झाले, सांगता येत नाही. उठताना त्यांनी विचारिले, "ती नदी पुढे कोठे जाते?" जवळ बसलेल्या एका विद्यार्थ्याने नकाशा पाहून सांगितले की, सोअर ट्रेंट नदीस मिळते, ट्रेंट हंबर खाडीस आणि ती उत्तर समुद्रास. बाईंनी ती नावे दोनदा म्हणवून घेतली. मग मुलास पत्र लिहावयाचे आहे म्हणून कागद मागितला.