रणगाड्याआधी भूमी

१ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत भारतीय रणगाडे दिसले, तेव्हा शत्रूचा डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. सातव्या लाइट कॅव्हलरीचे ते स्टुअर्ट रणगाडे. वाटेतले पूल कमकुवत आणि गुप्तता राखायची, म्हणून त्यांचे बुरूज उतरवून आणलेले. १९६२ साली हलके एएमएक्स-१३ रणगाडे विमानाने चुशूलला उतरवले. २०२० च्या ऑगस्टअखेरीस रेचिन ला भागात चढले ते मात्र मैदानी लढाईसाठी घडलेले अवजड रणगाडे. प्रत्येक वेळी लडाखची गरज संकट दारात आल्यावर भागवली गेली. दरम्यान जुने हलके रणगाडे निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा कित्येक वर्षे रिकामीच होती.

याचे कारण आपल्या विजयांतच आहे. १९६५ चे असल उत्तर आणि १९७१ चे बसंतर या लढायांनी चिलखती दलाची मानसिकता घडवली. पंजाबची शेते आणि राजस्थानची वाळू समोर ठेवून प्रहार करणाऱ्या कोअर उभ्या राहिल्या. त्या वेळी ते योग्यच होते. पण जिंकलेल्या लढाईची सवय मोडणे हरलेल्या लढाईचा धडा घेण्यापेक्षा अवघड असते. मथुरेची पहिली कोअर उत्तर सीमेकडे वळवायला गलवान खोऱ्यातला चीनशी संघर्ष घडावा लागला. पंचवीस टनांचा हलका रणगाडा 'जोरावर' जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवला गेला, तोही त्याच धक्क्यातून जन्मला.

आता टी-७२ च्या जागी सुमारे १,७७० नवे रणगाडे आणायची योजना आहे. ते चाळीस वर्षे तरी वापरात राहतील. त्या काळात लढाई कुठे होईल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. युक्रेनमध्ये स्वस्त ड्रोनने महागड्या रणगाड्यांचे काय केले, हे जगाने पाहिले. म्हणून ड्रोनविरोधी यंत्रणा हवीच; पण ती पुढेही बसवता येईल, दुर्बिणी आणि रेडिओही बदलता येतील. एकदा वाढलेले वजन मात्र उतरवता येत नाही. स्वदेशी रणगाडा अर्जुनची नवी आवृत्ती ६८ टनांच्या आसपास पोहोचली. एवढा भार पेलणारे पूल सीमेवर किती, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. अर्जुन प्रकल्पाला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली, रणगाडा २००४ मध्ये सैन्यात आला, तरी इंजिन जर्मनच राहिले. टी-७२ साठी हजार अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार मार्च २०२५ मध्ये रशियाशीच करावा लागला. इंजिन परक्याचे असेल तर युद्ध किती दिवस लढायचे, हे ठरवण्यात त्या परक्याचाही वाटा राहतो. मार्च २०२४ मध्ये म्हैसूरला स्वदेशी १,५०० अश्वशक्तीच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली. सरकारने त्या कामाला आताच पैसा आणि मुदत द्यावी, आणि नव्या रणगाड्याचा आराखडा त्या इंजिनाभोवतीच बांधावा.